आराखडा आणि करार : अभियांत्रिकीतून कॉर्पोरेट वकिलीकडे जाणाऱ्या वाटेविषयी एक संवाद

कंपन्यांची खरेदी-विक्री, भांडवलाची उभारणी, विलीनीकरण, मोठ्या प्रकल्पांचे दीर्घ मुदतीचे करार आणि दिवाळखोरीची प्रक्रिया या व्यवहारांभोवती उभ्या राहिलेल्या वकिलीला कॉर्पोरेट वकिली म्हणतात, आणि मुंबई हे तिचे भारतातील एक प्रमुख केंद्र आहे. या व्यवसायात शिरण्याच्या वाटा दोन आहेत. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम पूर्ण करणे ही पहिली वाट असून, बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 1988 पासून तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. दुसरी वाट जुनी आहे : कोणत्याही विषयातील पदवी घेऊन त्यानंतर तीन वर्षांची एलएल.बी. करायची. अभियांत्रिकीचे पदवीधर याच वाटेने येतात, म्हणजे चार आणि तीन अशी सात वर्षे खर्च करून ते तेथे पोहोचतात जेथे त्यांचे समवयस्क पाच वर्षांत पोहोचलेले असतात. ही जादा दोन वर्षे आणि त्याआधी गणित, पदार्थविज्ञान व यंत्ररचनेत घातलेला काळ पुढच्या वकिलीत कोणत्या रूपाने शिल्लक राहतो, हा येथील प्रश्न आहे.

त्याचा विचार पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांच्या जुन्या रीतीने केला आहे. ‘अभियंता’ म्हणून जो बोलतो तो अभियांत्रिकीची पदवी घेऊन कायद्याकडे वळलेल्या वकिलाची भूमिका मांडतो. ‘विधिज्ञ’ म्हणून जो बोलतो तो प्रथमपासून कायद्यातच घडलेल्या आणि सॉलिसिटरच्या कार्यालयात उमेदवारी केलेल्या वकिलाची. दोघेही व्यक्ती नसून दोन दृष्टी आहेत.

एक : मसुद्याची रचना

अभियंता : शेअर खरेदी करार, म्हणजे एखाद्या कंपनीचे भाग एका मालकाकडून दुसऱ्याकडे सोपवणारा करार, उघडून पाहिला तर आपल्याला त्यात यंत्रणेचीच रचना दिसेल. आरंभी व्याख्या असतात. मग पूर्वअटी, म्हणजे पैसे आणि भाग यांची अदलाबदल होण्याआधी ज्या गोष्टी घडल्याच पाहिजेत त्या. त्यानंतर विक्रेत्याने कंपनीच्या स्थितीविषयी दिलेली हमीविधाने. त्या विधानांना अपवाद नोंदवणारे प्रकटीकरण-पत्र. आणि शेवटी विधान खोटे ठरल्यास नुकसान कोणी, किती आणि किती काळापर्यंत भरून द्यायचे ते सांगणारी कलमे. ‘महत्त्वाचा करार’ या व्याख्येतील रकमेची मर्यादा एक कोटीवरून पाच कोटींवर नेली, तर हमीविधानांची व्याप्ती आकसते, प्रकटीकरणाची यादी लहान होते आणि भरपाईचा हक्कही त्या प्रमाणात घटतो, जरी या तिन्ही ठिकाणी एक अक्षरही बदललेले नसले तरी. एका ठिकाणचा बदल कोठकोठे पोहोचतो हे शोधण्याची सवय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून लागते, आणि रात्री उशिरा आलेल्या दहाव्या मसुद्यात हीच सवय अशिलाचे पैसे वाचवते.

विधिज्ञ : सवय मोलाची आहे, तिच्यावरचा एकाधिकार मात्र मान्य होण्याजोगा नाही. मुंबईत सॉलिसिटर होण्यासाठी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्याआधी ज्येष्ठाच्या हाताखाली आर्टिकलशिप, म्हणजे नियमबद्ध उमेदवारी, करावी लागते. त्या उमेदवारीत व्याख्येपासून परिशिष्टापर्यंत प्रत्येक संदर्भ तपासण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे, आणि ते शिकणाऱ्या बहुतेकांनी इंजिनिअरिंग कॉलेजचे तोंडही पाहिलेले नव्हते. अभियांत्रिकीतून येणाऱ्याची अडचण याच्या पुढची आहे : अंतर्गत विसंगती संपल्या की मसुदा पुरा झाला, असे त्याला वाटू लागते.

अभियंता : विसंगती संपवणे हे निदान आरंभाचे काम तरी आहे, आणि जेथे करारात सूत्र येते तेथे ते काम गणित टाळणाऱ्याच्या हातून निसटते. नवउद्योगात पैसे घालणारा गुंतवणूकदार घसरणीपासून संरक्षण मागतो, म्हणजे पुढच्या फेरीत भाग स्वस्तात विकले गेले तर त्याचा रूपांतर-दर खाली यावा अशी तजवीज करून घेतो. उदाहरणादाखल, अस्तित्वातील भाग 10,00,000, जुना दर 100 रुपये, आणि नव्या फेरीत 60 रुपयांनी 2,50,000 भाग विकले, असे धरू. नव्या फेरीत दीड कोटी रुपये आले. जुन्या दराने त्या रकमेत 1,50,000 भागच मिळाले असते. भारित सरासरीच्या पद्धतीनुसार 100 ला 11,50,000 ने गुणून 12,50,000 ने भागायचे, आणि नवा दर 92 रुपये येतो. याउलट ‘फुल रॅचेट’ नावाची कठोर पद्धत स्वीकारली असेल तर दर थेट 60 वर उतरतो. संस्थापकाच्या मालकीचा केवढा हिस्सा या 92 आणि 60 यांमधील अंतरात जातो, हे सही करण्याआधी मांडून दाखवणारा वकील आणि सूत्र मागच्या करारातून जसेच्या तसे उचलणारा वकील यांच्यात फरक आहे.

विधिज्ञ : आकडेमोड निर्दोष आहे, पण या उदाहरणात वाद उत्पन्न होईल तो गुणाकार-भागाकारात होणार नाही. कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले, अजून कोणालाही न दिलेले 2,50,000 भाग ‘अस्तित्वातील भागां’त मोजायचे की नाही, असा प्रश्न येईल. मोजले तर दर 92 ऐवजी सुमारे 93 रुपये 33 पैसे येतो. सूत्र दोन्ही वेळा बरोबरच आहे. त्यातील एका पदाचा अर्थ काय, हे सूत्र स्वतः सांगू शकत नाही. पंजाबातील राजपुरा येथील औष्णिक वीजकेंद्राच्या करारात हेच घडले. वीजखरेदी करारात, म्हणजे वीजनिर्मिती कंपनी आणि वितरण कंपनी यांच्यातील दीर्घ मुदतीच्या करारात, इंधनखर्चाचे सूत्र बारकाईने दिलेले होते. कोळसा विकत घेणे, वाहून आणणे आणि प्रकल्पस्थळी उतरवणे यांचा खर्च त्यात धरलेला होता. कोळसा धुण्याचा खर्च त्यात येतो की नाही, यावर वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नाभा पॉवर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 2017 च्या निकालात न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, परंतु त्यासाठी त्याला सूत्र सोडून करारातील शब्द, त्यांचा व्यापारी हेतू आणि न लिहिलेली अट करारात केव्हा वाचता येते याविषयीची तत्त्वे यांच्याकडे वळावे लागले.

अभियंता : राजपुऱ्याचे उदाहरण उलट दिशेनेही वाचता येते. त्या केंद्रात कोणता कोळसा जळेल, त्यातील राखेचे प्रमाण किती असेल आणि तो धुतल्यावाचून बॉयलरपर्यंत जाऊ शकेल का, हे प्रश्न मसुदा लिहिण्याच्या टेबलावर विचारले गेले असते, तर धुलाईचा एक शब्द तेव्हाच सूत्रात आला असता. न्यायालयाने जे कित्येक वर्षांनंतर व्यापारी हेतूवरून शोधून काढले, ते प्रक्रियेचा प्रवाह-आराखडा समोर ठेवणाऱ्याला पहिल्या दिवशी दिसले असते.

दोन : गुहागरचे तीन तास

विधिज्ञ : प्रवाह-आराखडा समोर असूनही करार कसा कोसळतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या पुढाकाराने उभारलेल्या दाभोळ वीजप्रकल्पाचा करार महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी डिसेंबर 1993 मध्ये झाला, पुढे त्याच्या अटींवर फेरवाटाघाटी झाल्या आणि पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला. वीज उचलली नाही तरी केंद्र चालू स्थितीत उपलब्ध असल्याबद्दल ठरलेला स्थिर आकार मंडळाने द्यायचा, दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, आणि मंडळ चुकले तर राज्य सरकारची हमी व पहिल्या टप्प्यापुरती केंद्राची प्रतिहमी, असा तो साचा होता. तांत्रिक बाबतीत तो ढिला मुळीच नव्हता.

अभियंता : आणि शेवटी तोच तांत्रिक भाग निर्णायक ठरला. 28 जानेवारी 2001 रोजी मंडळाने केंद्राला पूर्ण क्षमतेवर येण्यास सांगितले. थंड अवस्थेतून, म्हणजे संच पूर्ण बंद असताना, सुमारे तीन तासांत पूर्ण भारापर्यंत पोहोचण्याची हमी करारात होती; केंद्र त्या वेळेत तेथे पोहोचले नाही, असे मंडळाचे म्हणणे होते. उपलब्धतेची घोषणा त्यामुळे चुकीची ठरते, या आधारावर मंडळाने 401 कोटी रुपयांचा दंड लावला आणि थकलेल्या बिलांची रक्कम त्यातून वळती करण्याचा पवित्रा घेतला. वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनचे धातूचे भाग थंड असताना त्यांना किती वेगाने तापवता येते याला मर्यादा असतात. घाई केली तर असमान प्रसरणाने ते भाग बिघडू शकतात. तीन तास हा आकडा कागदावर लिहिताना कंपनीच्या बाजूच्या वकिलाने या मर्यादेविषयी विचारले असते, तर त्याने एकतर अधिक वेळ मागितला असता किंवा थंड, कोमट आणि उष्ण अवस्थांसाठी वेगळ्या मुदती आणि चुकल्यास मर्यादित दंड, अशी श्रेणीबद्ध रचना केली असती. एखादी यंत्रणा कशी, कोठे आणि किती अंशाने निकामी होते याची पद्धतशीर यादी करण्याला अभियांत्रिकीत बिघाड-विश्लेषण म्हणतात, आणि कसूर व तिचे परिणाम सांगणारी कलमे म्हणजे शब्दांत लिहिलेले बिघाड-विश्लेषणच होय.

विधिज्ञ : येथे आपण एका गोष्टीकडे दुर्लक्ष करीत आहात. मंडळाला 2001 च्या जानेवारीत टर्बाइनच्या तापमानात रस नव्हता. रुपया घसरला होता, केंद्रात जळणाऱ्या नाफ्थ्याचे भाव चढले होते, विजेची मागणी अपेक्षेइतकी वाढली नव्हती आणि मंडळाला त्या दराने वीज परवडेनाशी झाली होती. करारातून बाहेर पडण्याची किंवा निदान त्यावर फेरविचार घडवून आणण्याची निकड असलेल्या पक्षाने करार पुन्हा वाचायला घेतला, आणि त्याला तीन तासांची अट सापडली. त्याच वर्षी 23 मे रोजी मंडळाने करार रद्द करीत असल्याचे कळवले आणि त्या महिनाअखेर केंद्र बंद पडले. तुळईवर पडणारा भार तुळईचा आराखडा वाचत नाही. करारावर ज्याचा भार पडतो तो पक्ष मात्र करार वाचतो, वकील लावून वाचतो, आणि आपल्या सोयीची फट शोधून तेथेच जोर लावतो. तीन तासांऐवजी सहा तास लिहिले असते, तर दुसरी एखादी अट सापडली असती. दाभोळ बुडाले ते जोखीम कोणाकडे सोपवली गेली आणि ती पेलण्याची त्याची ऐपत होती का, या प्रश्नावर, आणि त्या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही.

अभियंता : आक्षेप खरा आहे आणि तो अभियांत्रिकीच्या शिक्षणातील उणिवेवर नेमके बोट ठेवतो. निसर्ग कठोर असला तरी तो डावपेच करीत नाही, या गृहीतावर ते शिक्षण उभे आहे. तरीही दुसरी एखादी अट सापडली असतीच, हे गृहीत सिद्ध झालेले नाही. शत्रू कोणत्या फटीतून येईल हे सांगता येत नसले, तरी फटी कमी ठेवल्याने त्याचे येणे महाग करता येते. सही होतानाच्या प्रत्येक मापदंडाकडे पाहून ‘हा आकडा ज्याला करार मोडायचा आहे त्याच्या हाती लागला तर काय होईल’ असे विचारणे, हा बिघाड-विश्लेषणाचाच पुढचा टप्पा आहे, आणि तो शिकता येतो.

विधिज्ञ : शिकता येतो, यावर दुमत नाही. परंतु तो शिकवतो वाद आणि वाटाघाटी. अभियांत्रिकीची पदवी त्यासाठी जमीन तयार करीत असेल. पीक तिचे नाही.

तीन : संख्या आणि विवेक

विधिज्ञ : संख्येविषयीचा विश्वास हा दोन्ही पक्षांतील आणखी खोल भेद आहे. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या 2011 च्या अधिग्रहण नियमावलीत सूचीबद्ध कंपनीचे 25 टक्के किंवा अधिक मताधिकार हाती आले, की इतर भागधारकांकडून किमान 26 टक्के भाग विकत घेण्याची खुली ऑफर देणे बंधनकारक होते. ही रेषा संख्येची आहे आणि अभियंत्याला ती आवडते. पण त्याच नियमावलीत दुसरे दार आहे : एखाद्याने कंपनीवर ‘नियंत्रण’ मिळवले तर 25 टक्के गाठले नसले तरी खुली ऑफर द्यावी लागते. नियंत्रण म्हणजे बहुसंख्य संचालक नेमण्याचा अथवा व्यवस्थापन व धोरण ठरवण्याचा अधिकार, मग तो भागांमुळे, करारामुळे किंवा अन्य कोणत्याही रीतीने आलेला असो. शेवटचे हे शब्द मुद्दाम मोकळे ठेवलेले आहेत. गुंतवणूकदाराने केवळ आपले पैसे सुरक्षित राहावेत म्हणून मागितलेला नकाराधिकार नियंत्रणात मोडतो का, या सुभकाम प्रकरणातील प्रश्नावर सिक्युरिटीज अपील न्यायाधिकरणाने 2010 मध्ये ‘मोडत नाही’ असे म्हटले, पण सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्या निर्णयाला पुढील प्रकरणांसाठी दाखला मानू नये असे सांगून प्रश्न खुला ठेवला. सेबीने 2016 मध्ये नियंत्रणासाठी स्पष्ट संख्यात्मक कसोटी आणण्याचा विचार चर्चेसाठी मांडला आणि 2017 मध्ये तो सोडून दिला. स्पष्ट रेषा आखली की तिच्या एक पाऊल अलीकडे थांबणारे व्यवहार रचले जातात. म्हणून कायदा काही ठिकाणी अस्पष्टतेचाच आश्रय घेतो, आणि त्या अस्पष्टतेत अशिलाला मार्ग दाखवणे हाच वकिलाचा व्यवसाय आहे.

अभियंता : सुभकाम प्रकरणात न्यायाधिकरणाने नियंत्रण समजावताना गाडीचे स्टिअरिंग, गिअर आणि ब्रेक कोणाच्या हाती आहेत असे विचारण्याचे सुचवले होते, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही; अस्पष्ट कल्पना पकडण्यासाठी विधिज्ञांनाही यंत्राकडेच जावेसे वाटले. पण मूळ मुद्दा निराळा आहे. अभियांत्रिकी म्हणजे निश्चितता, हा समज बाहेरच्यांचा आहे. सळईच्या काँक्रीटच्या बांधकामासाठी भारतात जी आयएस 456 ही मानक संहिता वापरली जाते, तिच्यात काँक्रीटची ताकद हिशेबात घेताना ती 1.5 ने भागतात आणि पोलादाची 1.15 ने, कारण काँक्रीट साइटवर कालवले जाते, त्याच्या दर्जात अधिक चढउतार संभवतो, तर पोलाद कारखान्यातून मोजून येते. भारसुद्धा अपेक्षेपेक्षा वाढवून धरला जातो. म्हणजे जेथे अज्ञान अधिक तेथे सूट अधिक, असे अज्ञानाचे मोजमाप करून ते उघडपणे लिहून ठेवणारी ही विद्या आहे. नियंत्रणाविषयी मत देताना ‘धोका आहे’ एवढे लिहून थांबणारा वकील अशिलाला जे सांगत नाही ते या सवयीने सांगता येते : कोणता नकाराधिकार वार्षिक अंदाजपत्रकापर्यंत पोहोचतो म्हणून अधिक धोक्याचा, कोणता केवळ नवे भाग काढण्यापुरता म्हणून कमी, आणि एकूण धोका कमी करण्यासाठी कोणता एक सोडून द्यावा.

विधिज्ञ : धोक्याची प्रतवारी लावणे उपयुक्त आहे, मात्र काँक्रीटचा गुणक हजारो नमुन्यांच्या चाचण्यांवरून ठरतो आणि कायद्यातील प्रश्नाला अनेकदा एकच नमुना असतो, तोही अजून न आलेला निकाल. दिवाळखोरी संहितेत मुदतीचे काय झाले ते पाहावे. 2016 च्या त्या संहितेत कर्जबुडव्या कंपनीच्या पुनर्रचनेला 180 दिवस आणि 90 दिवसांची एक वाढ अशी मुदत होती; ती पाळली जाईना, म्हणून 2019 मध्ये संसदेने न्यायालयीन वादांत गेलेला काळ धरून 330 दिवसांच्या आत प्रक्रिया ‘अनिवार्यपणे’ संपलीच पाहिजे असे बंधन घातले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्सार स्टीलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘अनिवार्यपणे’ हा शब्द घटनाबाह्य ठरवून काढून टाकला. न्यायालयाच्या विलंबाची शिक्षा पक्षकाराला होऊ नये, हे त्यामागचे तत्त्व होते. 330 हा आकडा राहिला, पण अपवादात्मक स्थितीत तो ओलांडता येतो असा त्याचा अर्थ झाला. ज्याने आपल्या अशिलाचे वेळापत्रक 330 वर घट्ट बांधले असेल, त्याला हा बदल कोणत्या गुणकाने आधी दिसला असता ?

अभियंता : गुणकाने दिसला नसता, हे कबूल केले पाहिजे. पण ज्याने वेळापत्रकात प्रत्येक टप्प्यावर ‘येथे अडथळा आला तर किती दिवस जातील’ असे लिहिले असेल, त्याला 330 दिवस पुरणार नाहीत हे निकालाआधीच दिसले असते; खुद्द एस्सारची प्रक्रिया ऑगस्ट 2017 पासून दोन वर्षांहून अधिक चालली होती. ज्या मुदती यंत्रणेच्या क्षमतेशी जुळत नाहीत त्या टिकत नाहीत, हा निष्कर्ष विधिज्ञ घटनेच्या समानतेच्या कलमातून काढतील आणि अभियंता न्यायाधिकरणाच्या कामाच्या वेगातून. अशिलाला दोन्ही हवेत.

चार : पदवीने उघडणारी आणि बंद होणारी दारे

अभियंता : कारकिर्दीच्या व्यवहाराकडे यावे. काही दारे ही पदवी उघडपणे उघडते. पेटंट एजंट, म्हणजे शोधावरील हक्कासाठी पेटंट कार्यालयापुढे काम चालवणारा नोंदणीकृत व्यावसायिक, होण्यासाठी 1970 च्या पेटंट कायद्याचे कलम 126 विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांतील पदवी मागते. खरगपूरच्या आयआयटीने 2006 मध्ये बौद्धिक संपदेवर भर देणारे विधी विद्यालय काढले ते याच मनुष्यबळाकडे पाहून. ऊर्जा, रस्ते, बंदरे, दूरसंचार, सॉफ्टवेअर यांच्या व्यवहारांत ज्याला तज्ज्ञाचा अहवाल मधल्या माणसाशिवाय वाचता येतो, त्याच्याशी अशिलाचे अभियंते मोकळेपणाने बोलतात, आणि ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे खरेदीपूर्वीच्या सखोल तपासणीत, खरी माहिती बहुधा अशा बोलण्यातूनच निघते.

विधिज्ञ : हीच दारे पुढे भिंती होतात. ज्याने पहिली तीन वर्षे वीजखरेदी करारांची तांत्रिक परिशिष्टे सांभाळली, त्याला चौथ्या वर्षीही तीच दिली जातात, कारण ती इतर कोणाला नको असतात. तोवर त्याचे समवयस्क वाटाघाटीच्या खोलीत बसू लागलेले असतात. भागीदारपदापर्यंत जाणाऱ्याला शेवटी अशिलाचा विश्वास, समोरच्या वकिलाचा स्वभाव आणि कोणता मुद्दा सोडून द्यायचा याचे भान लागते. शिवाय घटना, संविदा, साक्ष यांचा पाच वर्षे संथपणे झालेला अभ्यास आणि तीन वर्षांत घाईने झालेला अभ्यास यांतील अंतर पहिल्या नोकरीत दिसत नाही. जेव्हा पूर्वी कोणीच न विचारलेला प्रश्न येतो आणि तत्त्वावरून उत्तर बांधावे लागते, तेव्हा ते दिसते.

अभियंता : भिंतीचा दोष पदवीचा कमी आणि फर्मच्या कामवाटपाचा अधिक आहे. तत्त्वांचा अभ्यास कमी पडतो हे मात्र खरे, आणि अभियांत्रिकीतून येणाऱ्याने ती तूट जाणूनबुजून भरून काढली पाहिजे. त्याला पहिल्या वर्षी करारांचे नमुने जितके वाचावेसे वाटतात, तितकेच त्याने निकाल वाचावेत, आणि त्यांतही हरलेल्या पक्षाचा युक्तिवाद वाचावा. कारण हरलेल्या बाजूच्याही एखाद्या सक्षम वकिलाने कधीतरी तो मसुदा निर्दोष मानला होता.

विधिज्ञ : या सूचनेवर दोन्ही पक्षांचे एकमत होईल. उलट बाजूने, कायद्यातच घडलेल्या वकिलाने प्रकल्पाच्या करारावर काम करण्याआधी तो प्रकल्प चालतो कसा हे जाणणाऱ्याकडून समजून घ्यावे, आणि परिशिष्ट म्हणजे दुसऱ्याचे काम असे मानणे सोडावे. तीन तासांची अट परिशिष्टातच असते.

सिद्धान्त

दोन्ही पक्षांचे म्हणणे एकत्र ठेवले असता अभियांत्रिकीचा ठसा नेमका कोठे उमटतो हे वेगळे काढता येते. गणिताची सफाई आणि विषयज्ञान हे त्या पदवीचे सर्वांत जास्त गाजवले जाणारे फायदे आहेत. पण सफाई उमेदवारीत कमावता येते आणि विषयज्ञान तज्ज्ञाकडून मिळवता येते, त्यामुळे कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांनंतर या दोहोंचे वजन घटत जाते. टिकून राहते ती बिघाड गृहीत धरून रचना करण्याची वृत्ती : एखादी तरतूद चालेल कशी यापेक्षा ती कोणत्या स्थितीत, किती अंशाने आणि कोणाच्या खर्चाने निकामी होईल हे आधी विचारायचे, आणि अनिश्चिततेचे प्रमाण लपवण्याऐवजी लिहून ठेवायचे. राजपुऱ्याचा कोळसा, गुहागरचे तीन तास आणि दिवाळखोरी संहितेचे 330 दिवस या तिन्ही ठिकाणी ही वृत्ती मसुदा लिहितानाच उपयोगी पडली असती.

त्याच तीन उदाहरणांत तिची सीमाही दिसते. अभियंत्याला शिकवलेल्या जगात बिघाड उदासीन असतो. वकिलाच्या जगात बिघाडाला हितसंबंध असतात, तो मसुदा वाचतो, वेळ निवडतो आणि न्यायालयात जाऊन आपल्या वाचनाला मान्यता मागतो, आणि न्यायालय कधी विधिमंडळाने लिहिलेला शब्दच काढून टाकते. ही गोष्ट अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवली जात नाही, आणि ती शिकल्यावाचून बिघाड-विश्लेषण अर्धेच राहते. म्हणून सात वर्षांच्या वाटेने आलेल्याचा लाभ त्याच्या पदवीने ठरत नाही. प्रतिपक्षाच्या डोळ्यांनी स्वतःचा मसुदा वाचायला तो किती लवकर शिकतो, यावरून ठरतो. उमेदवार निवडणाऱ्या फर्मलाही यातून एक कसोटी मिळते. कोणती शाखा आणि किती गुण हे विचारण्यापेक्षा एखादा सही झालेला करार हाती देऊन ‘यातून बाहेर पडायचे असेल तर कोठून पडाल’ असे विचारावे. अभियांत्रिकीचा पदवीधर बहुधा तांत्रिक परिशिष्टापासून आरंभ करील आणि विधिज्ञ समाप्तीच्या कलमापासून. जो उमेदवार एका टोकापासून सुरू करून दुसऱ्यापर्यंत पोहोचेल आणि मधल्या वाटेत पैसा कोणाचा बुडतो हेही सांगेल, त्याच्याकडे कोणती पदवी आहे हा प्रश्न त्यानंतर फारसा उरत नाही.